स्वित्झर्लंड ‘प्रत्यक्ष लोकशाही’ कशी? तिथे तर संसद आहे

कोरीपाटी:
‘लोकशाहीचे प्रकार’ या प्रकरणात प्रत्यक्ष लोकशाहीचं उदाहरण म्हणून स्वित्झर्लंड दिलंय. पण तिथे २०० जणांचं कनिष्ठ सभागृह आहे, ४६ जणांचं वरिष्ठ आहे, निवडणुकाही होतात. मग ती अप्रत्यक्षच नाही का? शिवाय हा देश संसदीय की अध्यक्षीय, याला दोन गाइडांत दोन उत्तरं आहेत. आपल्याकडे ग्रामसभा सोडली तर असं काही आहे का?

पाणवठा:
पुस्तकातलं उत्तर अर्धंच बरोबर आहे. कायदे तिथेही संसदच करते, पण तिचा शब्द शेवटचा नसतो.

संसदेनं केलेला कायदा राजपत्रात आला की १०० दिवस मिळतात. तेवढ्यात ५०,००० सह्या जमल्या की सार्वमत घ्यावंच लागतं, आणि झालेल्या मतांचं साधं बहुमत पुरतं. ही सोय १८७४ पासूनची. उलट बाजूनं, लोकांनाच राज्यघटनेत बदल सुचवायचा असेल तर १८ महिन्यांत १,००,००० सह्या लागतात. हा जनउपक्रम, १८९१ पासूनचा. घटनाबदल संसदेनं केला असेल तर सह्यांचीही गरज नाही, सार्वमत सक्तीचंच.

घोळ होतो तो दुहेरी बहुमतात. घटनाबदलाला देशभरातलं बहुमत हवंच, शिवाय बहुसंख्य कँटनांचंही (कँटन म्हणजे तिथली घटक राज्यं). कँटन २६, पण मतं २३, कारण सहा कँटनांना प्रत्येकी अर्धंच मत आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये परदेशातल्या कारभाराबद्दल कंपन्यांना जबाबदार धरण्याचा प्रस्ताव होता. त्याला ५०.७ टक्के मतं पडली, तरी तो आपटला. बाजूनं पडलेली कँटनांची मतं साडेआठच होती.

बोरूबहाद्दर:
संसदीय की अध्यक्षीय? दोन्ही नाही. मंत्रिमंडळ सात जणांचं, त्यांना संसदेची दोन्ही सभागृहं एकत्र बसून चार वर्षांसाठी निवडतात. इथवर संसदीय वाटतं. पण एकदा निवडल्यावर अविश्वास ठराव नाही, आणि मंत्रिमंडळालाही संसद बरखास्त करता येत नाही. अध्यक्ष या सातांतलाच, दर वर्षी नवा, बरोबरीच्यांत पहिला एवढाच. परीक्षेत ‘बहुल कार्यकारी मंडळ’ लिहा.

ताडून बघायला दोन प्रश्न पुरतात: सरकारला मुदतीआधी कोण घालवू शकतं, आणि झालेला कायदा कोण अडवू शकतं? भारतात पहिल्याचं उत्तर लोकसभा. अमेरिकेत महाभियोग सोडला तर कोणीच नाही. दुसऱ्याला दोन्हीकडे न्यायालय हे उत्तर येतं, तर स्वित्झर्लंडमध्ये मतदार. तिथलं न्यायालय संघराज्याचा कायदा घटनाबाह्य म्हणून रद्दच करू शकत नाही.

पाणवठा:
अस्सल प्रत्यक्ष लोकशाही म्हणाल तर कँटनच्या पातळीवर ती फक्त ग्लारुस आणि आपेनझेल इनररोडन या दोन कँटनांत उरली आहे. ग्लारुसमध्ये मे महिन्यात रविवारी मतदार चौकात जमतात आणि हात वर करून ठरवतात. हात मोजत नाहीत, सभेचा प्रमुख नजरेनं अंदाज घेतो. २००६ मध्ये असंच हात वर करून त्यांनी २५ गावपालिकांच्या ३ करून टाकल्या. दोष उघडच आहे: शेजारी, मालक, सासरा, सगळ्यांना तुमचा हात दिसतो. आणि आपेनझेल इनररोडनमधल्या पुरुषांनी बायकांना मताचा हक्क नाकारणं १९९० पर्यंत चालवलं, शेवटी संघराज्याच्या न्यायालयानं तो द्यायला लावला.

आडवीबाटली:
आपल्याकडचं खरं सार्वमत सगळे विसरलेत: महाराष्ट्रातलं दारूबंदीचं मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद.

आधी गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींच्या सह्यांचा अर्ज, मग सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. मेख अशी की ‘झालेल्या’ मतांचं बहुमत चालत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. समजा यादीत १,२०० बायका आहेत. अर्जाला ३०० सह्या पुरतात, पण जिंकायला ६०१ मतं. ८०० जणी आल्या आणि ५८० जणींनी बाटली आडवी केली, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश, तरी दुकान चालूच. लग्न होऊन गेलेली लेक, ऊसतोडीला गेलेली, वारलेली म्हातारी, यादीत नाव असलं की प्रत्येकीचं मत उभ्या बाटलीच्या खात्यात. म्हणून सह्यांआधी मतदारयादी साफ करून घ्या, आणि मजुरीच्या हंगामात मतदान लागू नये हे बघा.

स्विस सार्वमतात इतकेच टक्के मतदान हवं अशी अट नाही. इटलीत कायदा रद्द करण्याच्या सार्वमताला निम्म्या मतदारांनी यावं लागतं, त्यामुळे विरोधक ‘नाही’ म्हणत नाहीत, ‘घरी बसा’ म्हणतात.

कोरीपाटी:
मग ग्रामसभेत घरी बसून सभा पाडता येते?

बोरूबहाद्दर:
पाडता येते, पण फळत नाही. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तो आकडा. ५०० मतदारांच्या गावात ७५, २,४०० च्या गावात ३६० नव्हे, १००. तेवढे नसले की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. विषय मात्र आधीच्याच नोटिशीतले, नवा घुसवता येत नाही. त्यामुळे पहिल्या सभेला घरी बसणाऱ्यांचे विषय दुसऱ्या सभेत वीस माणसं उरकून टाकतात. नोटीस लागली की विषयपत्रिकेचा फोटो काढून ठेवा, तहकूब सभेच्या इतिवृत्ताशी ताडायला तोच कामाला येतो.