मदत हवी आहे: कामावर 'लग्न कधी?' याचं खरं उत्तर कसं द्यावं? (सांगली)

नमस्कार. मी तिशीतला, सांगलीचाच. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मी समलिंगी आहे, आणि कामावर हे कुणालाच माहीत नाही.

पुण्या-मुंबईचे मित्र सांगतात, एचआरशी बोल, पॉलिसी बघ. आमच्याकडे एचआर म्हणजे हजेरी आणि पगार बघणारे एक काका. त्यांची बायको आणि माझी आई एकाच भिशीत आहेत. सकाळी कॅन्टीनमध्ये बोललेलं संध्याकाळी घरी पोचतं. त्यामुळे फक्त ऑफिसात सांगायचं, असं इथे होतच नाही.

आमचे साहेब मनाने फार चांगले, मला कामाला त्यांनीच लावलं. तुळशीचं लग्न झालं की ते माझा बायोडाटा मागतात. यंदा तासगावचं स्थळ आणलं, द्राक्षबागायतदाराची मुलगी. मशीनशेजारी उभं राहून मोबाईलवर फोटो दाखवला, सगळे गोळा झाले. 'घरी विचारतो' म्हणून वेळ मारून नेली. एखाद्या मुलीला फसवून लग्न करणार नाही, हे मात्र माझं पक्कं आहे.

पावसाळ्यात फार कठीण गेलं. माझा जोडीदार डेंगीने मिरजेत अ‍ॅडमिट होता, प्लेटलेट रोज उतरत होत्या. रजा मागितली तर साहेब म्हणाले, 'मित्रासाठी रजा? त्याच्या घरचं कोणी नाही का?' त्यांचा दोष नाही, त्यांना माहीतच नव्हतं. पण त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्याला बायकोच्या टायफॉइडसाठी लगेच सोडलं. मी सेकंड शिफ्ट संपवून मिरज गाठायचो. तेव्हा वॉर्डात सोडत नसत, बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचो. दुसऱ्या दिवशी व्हर्निअरवरचं माप दोन-दोनदा बघूनही डोक्यात शिरत नव्हतं.

मला गाजावाजा करायचा नाही, रोजचं खोटं थांबवायचं आहे. साहेबांना एकट्याला विश्वासात घेऊन सांगावं का? त्यावरून नोकरीवर गदा आली तर कायदा काही मदत करतो का? लहान गावात हे केलेल्या कुणीतरी सांगा.

प्रतिसाद

मी साताऱ्याचा, तुमच्यासारखाच, खासगी नोकरीत. कायद्याचं आधी सांगतो. ६ सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत, तेव्हा पोलिसांची भीती कुणी घातली तर बधू नका. पण समलिंगी म्हणून खासगी नोकरीतून काढू नये, असं थेट सांगणारा कायदा अजून नाही. २०१९ चा कायदा आहे तो तृतीयपंथीयांसाठी. म्हणून घाई नको. हाताशी थोडी शिल्लक आणि दुसरीकडे कामाची ओळख असू द्या.

माझं स्पष्ट मत: साहेबांच्या आधी घरी. आईला हे भिशीत कळलं तर तिला दुहेरी लागेल. साहेबांना तोवर एवढंच सांगा, 'मी लग्न करणार नाही, स्थळं आणू नका.' हे खोटं नाही. आणि रजेच्या अर्जात 'मित्र' न लिहिता 'वैयक्तिक कारण' लिहा.

जोडीदाराबरोबर बँकेत जॉइंट खातं काढता येतं, त्याला नॉमिनीही करता येतं. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तसं स्पष्ट केलंय. एवढं तरी करून ठेवाच. मन फार जड झालं तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. एकटे कुढत बसू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. 'स्थळं आणू नका' हे उद्याच सांगतो, तेवढं मला जमेल. घरचं म्हणाल तर आईला एकदम सांगायचा धीर नाही, पण धाकट्या बहिणीला अंदाज असावा. मिरजेला न्यायचा डबा रोज तीच भरून द्यायची, पथ्याचं. आधी तिला सांगून मग दोघांनी मिळून आईशी बोलावं, असं डोक्यात आहे. असं कुणी केलंय का? बहिणीचं लग्न अजून व्हायचंय, त्यामुळे तिच्यावर याचा भार पडेल का, हीच मोठी काळजी आहे.