विहिरीला दम खाऊ द्या

(ग्रुप: घरची माणसं)

छकुली: काल रात्रीपासून विहिरीचं पाणी मचूळ लागतंय. इथे समुद्राकाठी राहायला येऊन महिना झाला, इतके दिवस चांगलं गोडं होतं. टाकी धुवायची राहिलीय, त्यामुळे असेल का?

आई: पिऊ नका अजिबात. उकळून घे.

दादा: आई, उकळून मीठ जात नाही. पाणी आटतं, मीठ तेवढंच राहतं.

वहिनी: साबणाला फेस येतोय का?

छकुली: नाही ना. केस धुतले तर दोरखंड झालेत.

आत्या: 🎤 व्हॉइस मेसेज (४:१२)

दादा: आत्या, चार मिनिटं कोण ऐकणार? दोन ओळी लिही ना.

आत्या: ज्याला गरज आहे तो ऐकेल.

नानाकाका: पंप किती वेळ चालवता?

जावईबापू: रोज अर्धा तास, नानाकाका. या आठवड्यात जरा जास्त झाला.

नानाकाका: जरा म्हणजे?

छकुली: सांग की खरं. चार-चार तास. खिडक्या, भिंती, अंगण, गाडी, सगळं पाइप लावून धुतलं. काय करणार, हात लावू तिथे खारट थर. चष्मासुद्धा सकाळी पुसला की दुपारी धुरकट.

नानाकाका: मग विहिरीला बोल लावू नका. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पावसाचं मुरलेलं हलकं, समुद्राचं जड, कारण त्याच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार. वजनातला फरक थोडाच, पण तेवढा पुरतो. आता हिशेब बघा. जमिनीतली गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असली, तर समुद्रपातळीखाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी. घायबेन-हर्झबर्ग नियम म्हणतात याला.

दादा: म्हणजे चंगळच की.

नानाकाका: उलटा वाच. वरची पातळी एक वीत उतरली, तर त्याच हिशेबाने खालची हद्द आठ-नऊ मीटर वर सरकायला बघते. पंप एकाच जागी ओढतो, त्यामुळे नेमका विहिरीखालीच खाऱ्या पाण्याचा सुळका चढतो. शंभर लिटरात दोन लिटर समुद्र मिसळला तरी जिभेला कळतं.

छकुली: बापरे. शेजारच्या आजी परवा कुंपणापलीकडून म्हणाल्या होत्या, "विहिरीला दम खाऊ द्या गं." मला वाटलं पंप तापेल म्हणून सांगतायत. त्या दोरी-बादलीने काढतात. बादली अर्धी यायला लागली की दोर गुंडाळून ठेवतात, मग कितीही काम असो.

नानाकाका: त्यांना नियमाचं नाव माहीत नसेल. विहीर माहीत आहे.

आई: ते सगळं ठीक. आता प्यायचं काय? वारा सुटला की तुमची होडी बंद. म्हटलं होतं मी, इतक्या लांब नको म्हणून.

छकुली: आजींची विहीर टेकडीच्या अंगाला आहे, ती गोडी. न मागता सकाळी दोन कळशा आणून ठेवल्यात. मलाच लाज वाटली.

आई: बरं. त्यांचा नंबर मला पाठव.

नानाकाका: पंप बंद ठेवा. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं उपसा. खारं पाणी भराभर चढतं, उतरतं मात्र सावकाश. चांगला पाऊस होईपर्यंत पूर्ण सुटेल असं नाही. आणि रोज मोजा, चवीवर जाऊ नका.

जावईबापू: टीडीएस मीटर आहे, पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं. आज लिटरला १,३८० मिलिग्रॅम.

नानाकाका: ६०० च्या आत असलं की चांगलं लागतं, १,००० च्या पुढे नकोसं होतं. तारखेबरोबर तिथीही लिहा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आकडा हलतो का ते कळेल.

छकुली: 📷 हे बघा अजून एक. दाराची नवी बिजागरी, लावून २६ दिवस. दुकानदार म्हणाला होता स्टेनलेस आहे.

दादा: असेलही. ३०४ ग्रेडचं असणार. समुद्राजवळ ३१६ ग्रेडचं लावतात, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, त्यामुळे मिठाने कमी गंजतं. तेही पुसलं नाही तर डागाळतंच.

छकुली: पुसू कशाने? विहीर रजेवर आहे.

वहिनी: ओलं फडकं गं. अर्ध्या बादलीत घरातल्या सगळ्या बिजागऱ्या-कड्या होतात. पाइप कशाला लागतो? आणि पन्हळी लावून घ्या आत्ताच. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमचं छप्पर ८० चौरस मीटर धरलं तर १० मिलिमीटरला ८०० लिटर. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं, छपरावरचं मीठ त्यातच येतं.

जावईबापू: पन्हळीचं माप आजच घेतो, वहिनी.

दादा: प्लास्टिकची घ्या. नाहीतर पुढचा फोटो पन्हळीचा.

(नऊ दिवसांनी)

जावईबापू: आज १,१९०. पंपाला हात लावलेला नाही.

नानाकाका: उतरतंय. घाई नको.

वहिनी: मी आत्ता भांडी घासताना आत्यांचा तो मेसेज ऐकला. पहिलंच वाक्य आहे, "पंप बंद कर."

दादा: आणि उरलेली चार मिनिटं?

वहिनी: तुम्ही कोणी तिचं ऐकत नाही, त्याबद्दल.