प्रति: जुना १७ इंची मॉनिटर आणि लिनक्स

लिनक्सवर तुमच्या जुन्या १७ इंची मॉनिटरचं रिझोल्यूशन १०२४ × ७६८ च्या पुढं जात नाही, अक्षरं उभी ताणलेली आणि धुरकट दिसतात, असं तुम्ही लिहिलंय, आणि त्यावर वर कुणीतरी नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायला सांगितलंय. थांबा, पैसे घालवू नका. आधी केबल बघा.

मॉनिटर आपली माहिती (कोणती रिझोल्यूशनं चालतात वगैरे), म्हणजे ईडीआयडी, व्हीजीए, म्हणजे जुन्या १५ पिनांच्या, केबलच्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून देतो. त्या तारा नसल्या की लिनक्सला समोर काय आहे ते कळतच नाही. माझी केबल तशीच निघाली. कोल्हापुरात राजारामपुरीतनं दुसरी आणली आणि १२८० × १०२४ आपोआप आलं. (९ नंबरची पिन नसली तर घाबरू नका, ती बऱ्याच केबलींत नसतेच.)

तरीही नाही आलं, तर टर्मिनलमध्ये सीव्हीटी (cvt) या कमांडला १२८० १०२४ ६० हे आकडे द्या (रुंदी, उंची आणि सेकंदाला किती वेळा चित्र ताजं होतं ते). जी मोडलाइन, म्हणजे त्या रिझोल्यूशनच्या आकड्यांची ओळ, मिळेल ती एक्सरँडआर (xrandr) या कमांडच्या न्यूमोड (--newmode) आणि अ‍ॅडमोड (--addmode) या पर्यायांनी जोडा. रीस्टार्टनंतर हे पुसलं जातं, म्हणून लॉगिनला चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ठेवा. वेलँडवर (पडदा दाखवायची लिनक्समधली नवी पद्धत) ही युक्ती चालत नाही; तिथं ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कर्नलच्या ओळीत व्हिडिओ (video=) पॅरामीटर द्यावा लागतो.

रिझोल्यूशन बरोबर येऊनही अक्षरं थरथरत असतील, तर पडद्यावर एकाआड एक काळ्या-पांढऱ्या बारीक उभ्या रेघांचं चित्र लावून मॉनिटरचं ऑटो (चित्र आपोआप जुळवणारं) बटण दाबा. रिकाम्या डेस्कटॉपवर दाबलं तर त्याला नीट अंदाज येत नाही. माझ्याकडं याच एका गोष्टीनं सगळ्यात जास्त फरक पडला. तुमची केबल कसली निघाली ते नक्की कळवा.