मदत हवी आहे: केव्हीएम स्विच मधे आला की डेबियनवर १०२४ × ७६८ च्या वर जाता येत नाही

दोन दिवस डोकं आपटून झालं, आता इथे विचारतोय.

मॉनिटर एक, मशीन दोन, मधे एचडीएमआय केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर-कीबोर्ड दोन मशीनना आळीपाळीने जोडणारी डबी). मॉनिटर १९२० × १०८० चा. अडलेल्या मशीनवर डेबियन १२ लिनक्स, एक्सएफसीई डेस्कटॉप, एक्स११ (पडद्यावर चित्र दाखवणारी यंत्रणा), ग्राफिक्स इंटेलचं बोर्डावरचंच. केबल थेट मॉनिटरला जोडली तर काहीच तक्रार नाही. स्विचमधून आली की डिस्प्ले सेटिंगमध्ये कमाल १०२४ × ७६८. अक्षरं आडवी ताणली जातात, टर्मिनलमधलं शून्य तर आडवं पडलेल्या अंड्यासारखं दिसतं.

केलेले उद्योग: सीव्हीटी या कमांडला १९२० १०८० ६० (रुंदी, उंची, सेकंदाला किती चित्रं) दिलं, त्याने मोडलाइन, म्हणजे त्या रिझोल्यूशनच्या टायमिंगची ओळ, काढून दिली, पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग) १७३ मेगाहर्ट्झ. एक्सरँडआर या डिस्प्लेच्या कमांडने न्यूमोड केलं (नवा मोड नोंदवला), एचडीएमआय-१ या आउटपुटला ॲडमोड केलं (तो जोडला). दोन्ही निमूट झालं. प्रत्यक्ष मोड लावायला गेलो की 'कॉन्फिगर सीआरटीसी ० फेल्ड', म्हणजे ग्राफिक्सचा चित्र पाठवणारा भाग तो मोड घेतच नाही.

जाता जाता: स्विच लावल्यापासून मॉनिटरच्या स्पीकरमधून आवाजही बंद आहे. ते दुखणं वेगळं असावं, त्याचं नंतर बघू.

---

प्रतिसाद १

ग्राफिक्स ड्रायव्हर काढून पुन्हा टाकून बघा.

---

धागाकर्ता

थेट केबलवर सगळं नीट चालतंय हो, मग ड्रायव्हरने काय घोडं मारलं?

---

प्रतिसाद २

आवाजाचं दुखणं वेगळं नाही. उलट तुम्ही जाता जाता लिहिलेली ती ओळच सगळ्यात कामाची आहे.

मॉनिटर आपली माहिती ईडीआयडी नावाच्या छोट्या तुकड्यात कळवतो: कुठली रिझोल्यूशनं चालतात, टायमिंग काय, आवाज घेतो की नाही. मूळ तुकडा १२८ बाइटचा, एचडीएमआय मॉनिटरचा सहसा जोडतुकड्यासकट २५६ चा. तुमचा स्विच तो पुढे पाठवत नाहीये असं दिसतं. माहितीच नाही म्हटल्यावर यादी १०२४ × ७६८ वर थांबते. शिवाय इंटेलचा ड्रायव्हर पलीकडे साधा डीव्हीआय (एचडीएमआयच्या आधीची, चित्रापुरती जोडणी) आहे असं धरून चालतो. म्हणून आवाज नाही, आणि सिंगल लिंक डीव्हीआयची १६५ मेगाहर्ट्झची मर्यादाही लागू. तुमचा मोड १७३ चा. अडणारच.

खातरजमा करा. सिस-क्लास-डीआरएम या सिस्टिम फोल्डरच्या खाली कार्ड०-एचडीएमआय-ए-१ मध्ये ईडीआयडी नावाची फाइल आहे. फायलींची यादी देणाऱ्या एलएसवर विसंबू नका, तिथे आकार नेहमी ० च दिसतो. कॅटने फाइल वाचून डब्ल्यूसी कमांडने बाइट मोजा, एकदा स्विचसकट, एकदा थेट.

तोवर सीव्हीटीला 'आर' पर्याय जोडून पुन्हा मोडलाइन काढा. तो ब्लँकिंग कमी करतो, म्हणजे दृश्य भागाबाहेरचे वाया जाणारे पिक्सेल कमी होतात. तेच रिझोल्यूशन १३८.५ मेगाहर्ट्झमध्ये बसतं.

---

धागाकर्ता

स्विचसकट ०, थेट २५६. पकडला चोर!

'आर'वाला मोड पहिल्या फटक्यात लागला, शून्य परत उभं राहिलं. पण मशीन रीस्टार्ट केलं की सगळं मुसळ केरात. आवाज तर नाहीच. हे एक्सप्रोफाइल फाइलमध्ये (लॉगिनच्या वेळी आपोआप चालणाऱ्या) टाकून ठेवू का?

---

प्रतिसाद २

टाकलंत तर रिझोल्यूशन टिकेल, आवाज येणार नाही. मोड जबरदस्तीने लावला तरी मॉनिटर कोण आहे हे ड्रायव्हरला अजून ठाऊक नाहीच. त्यापेक्षा त्याला ईडीआयडीच पुरवा.

केबल थेट जोडा आणि ती २५६ बाइटची फाइल लिब-फर्मवेअरच्या खाली ईडीआयडी नावाचं फोल्डर करून तिथे मॉनिटर.बिन म्हणून ठेवा. मग ग्रबच्या (मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) कर्नल ओळीत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला सुरुवातीलाच सूचना देणाऱ्या ओळीत, डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर=एचडीएमआय-ए-१:ईडीआयडी/मॉनिटर.बिन जोडा, अपडेट-ग्रब चालवा, रीस्टार्ट. ड्रायव्हर बूटच्या अगदी सुरुवातीला लोड होत असेल तर ती फाइल इनिट्रॅमएफएसमध्येही (बूटच्या वेळच्या तात्पुरत्या फाइलसंचात) घालावी लागते.

---

धागाकर्ता

अर्धा तास वाया घालवला, स्वतःच्याच चुकीने. कर्नलच्या ओळीत एचडीएमआय-१ लिहिलं होतं, कारण एक्सरँडआर तसंच दाखवतो. कर्नलला मात्र मधला 'ए' हवा. इतकं स्पष्ट लिहून दिलेलं असताना मी 'सुधारून' टाकलं!

'ए' घातला. १९२० × १०८० आपोआप आलं, तेही १४८.५ मेगाहर्ट्झच्या मॉनिटरच्या स्वतःच्या टायमिंगने. 'आर'वाला मोड काढून टाकला. आणि हो, स्पीकर बोलायला लागला.

एकच उरलं. स्विचवरून दुसऱ्या मशीनवर जाऊन परत आलो की उघड्या खिडक्या सगळ्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसतात. यावर काही?

---

प्रतिसाद २

स्विच तिकडे वळला की या मशीनला मॉनिटर उपटल्यासारखं वाटतं. त्याच कर्नल ओळीत व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:ई हेही जोडा. शेवटच्या 'ई'मुळे ते आउटपुट कायम जोडलेलंच धरलं जातं. यातलाही 'ए' खाऊ नका.