लायसनवरचा पत्ता बदलायचाय : भुसावळहून शिरपूर

तापीकाठ : बदलीमुळे शिरपूरला आलोय, भाड्याचं घर. लायसन एमएच 19 चं (जळगाव), 2006 चं, येत्या नोव्हेंबरात संपतंय. वय 42. एजंट 2,000 मागतोय, माझं बजेट 500. धुळ्याला खेटे न मारता होईल का?

केळीचा_घड : एजंटले कसाले पैसा देतस भो? परिवहन खात्याचं सारथी पोर्टल उघड, महाराष्ट्र निवड, लायसन नंबर नि जन्मतारीख टाक, 'चेंज ऑफ अ‍ॅड्रेस'वर टिक. आधार ओटीपीने केलं तर आरटीओचं तोंडही बघावं लागत नाही. फी 200, कार्डाचे 200, पोस्टाचे वर.

अप्पा_धुळेकर : 2,000 जास्त नाहीत. वेळेला किंमत आहे की नाही?

मेहरूणची_बोरं : बजेट 500 सांगितलंय, अप्पा. तापीकाठ, आधी आधार बघा. पत्ता तिथूनच उचलला जातो. आधार भुसावळचं असेल तर नव्या कार्डावर पण भुसावळच छापून येईल. शिरपूरचं लाइटबिल घरमालकाच्या नावाचं असणार, ते चालायचं नाही. आधारवरचा पत्ता बदलायला तुमचं नाव असलेला भाडेकरार लावा. घरच्यांचे आधारवरचे पत्ते नंतर कुटुंबप्रमुखाच्या संमतीने ऑनलाइन बदलतात, फक्त संमती 30 दिवसांत द्या. आधारवर आडनाव आधी आणि लायसनवर शेवटी असेल तरी गाडी अडते.

बायपास_18 : पत्ता 30 दिवसांत बदलला नाही तर दंड आहे बरं का.

केळीचा_घड : ते गाडीच्या आरसीचं (नोंदणी प्रमाणपत्राचं), मोटार वाहन कायदा कलम 49. लायसनचं नाही.

बायपास_18 : गाडी कोण चालवतो, लायसनवालाच ना?

मेहरूणची_बोरं : चलान आरसीवरच्या पत्त्याला नि मोबाइलला जातं. आरसीसाठी फॉर्म 33 वेगळा, आणि गाडीवर कर्ज असेल तर त्यावर बँकेची सही लागते. दोन्ही विषय कालवू नका.

सातपुडा_एक्सप्रेस : एमएच 19 जाऊन धुळ्याचा 18 येईल का? नंदुरबारकरांकडे अजून 18 ची लायसन्स आहेत म्हणून विचारतो. जिल्हा 1998 लाच वेगळा झाला.

केळीचा_घड : नंबर तोच राहतो. बदलतो तो पत्ता.

कारकून_बुवा : सगळ्यांनी नोव्हेंबर वाचलाच नाही. मुदतीआधी एक वर्षापासून नूतनीकरण करता येतं. एकाच अर्जात नूतनीकरण आणि पत्ता दोन्ही टिक करा : 200 + 200 + कार्ड 200, म्हणजे 600 आणि पोस्ट. वेगवेगळं केलं तर कार्डाचे 200 दोनदा, 800 होतात. चाळिशी उलटलीय, म्हणून नूतनीकरणाला डॉक्टरचा फॉर्म 1-ए (वैद्यकीय दाखला) लागेल. पूर्वीची 30 दिवसांची सवलत 2019 च्या दुरुस्तीत गेली. मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून लायसन बाद. आणि 2006 चं जुनं असल्याने 'रेकॉर्ड सापडत नाही' आलं, तर माहिती संगणकावर चढलेली नाही असं समजा. ती चढवून घ्यायला जळगावच्याच आरटीओत जायचं, धुळ्याला नाही.

अप्पा_धुळेकर : आलं ना शेवटी आरटीओचं तोंड बघणं! म्हणून म्हणत होतो एजंट.

सातपुडा_एक्सप्रेस : पैसे कटतात नि पावती येत नाही, ते कोणी सांगतच नाही. वैताग आहे नुसता.

कारकून_बुवा : दुसऱ्यांदा भरू नका. 'व्हेरिफाय पे स्टेटस'मध्ये अर्ज क्रमांक टाका, अडकलेली पावती निघते. कार्ड स्पीडपोस्टाने येतं, घर बंद दिसलं तर परत जातं. घरमालकाला सांगून ठेवा.

केळीचा_घड : आणि आधी आधार बघ भो.

मेहरूणची_बोरं : तेच वर लिहिलंय.

तापीकाठ : धन्यवाद मंडळी. सारथीवर नंबर टाकून पाहिला, रेकॉर्ड दिसतंय. तूर्त फक्त नूतनीकरण करतो, भुसावळच्याच पत्त्यावर, 400 आणि पोस्टात. कार्ड वडील घेतील. पुन्हा कधी बदली होईल सांगता येत नाही.

कारकून_बुवा : अहो, मग 200 साठी पत्ता का सोडताय?

बायपास_18 : आरसीचे 30 दिवस मात्र मोजा.