टॅबलेटवरच्या कामाला ‘रेखाटन’ म्हणावं का?

प्रश्न : बऱ्याच वर्षांनी पुन्हा स्केचिंग सुरू केलंय, या वेळी टॅबलेटवर. चित्राखाली काय लिहावं इथेच अडतं. ‘रेखाटन’ म्हटलं की कागद-पेन्सिल डोळ्यांसमोर येते, ‘डिजिटल चित्र’ म्हटलं की रंगवून पुरं केलेलं काहीतरी वाटतं. लेयर (अ‍ॅपमध्ये चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे पापुद्रे), अनडू (शेवटची कृती मागे घेणं) यांना मराठीत तुम्ही काय म्हणता?

उत्तर : बिनदिक्कत रेखाटन म्हणा. ‘रेखाटणे’ या क्रियापदात साधनाचा उल्लेखच नाही. कोळशाने काढलेलं रेखाटन, शाईने काढलेलंही रेखाटनच. रेषेने आकार पकडायचा, सगळं भरत बसायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘रेखाचित्र’ त्यापेक्षा पुरं झालेलं. ‘आरेखन’ मात्र मोजमापाचं, यंत्रांच्या आणि इमारतींच्या कामातलं. ते इथे नको.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो रेघ आणि रेषा यांतला फरक. दोन्ही ‘रेखा’च्याच कुळातले, पण रेघ आपण मारतो, ओढतो. चित्रकाराची म्हणतात ती रेषा : जोरकस, नाजूक, लयदार. काचेवर पेन घसरतं, म्हणून अ‍ॅपमध्ये हाताची थरथर काढून टाकणारी स्टॅबिलायझेशनची सोय असते. ती पूर्ण वाढवली की रेघ गुळगुळीत येते आणि रेषेतला हात हरवतो. सराव सुटलेल्या माणसाने ती अगदी कमी ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. सुरुवातीला रेघा वाकड्या येतील, येऊ द्यात. त्याशिवाय हात बसत नाही.

दुसरं उत्तर : लेयरला ‘थर’ म्हणतात, पण मला ‘पदर’ आवडतो. थर खालचं झाकत चढतो. पदर सुटा करता येतो, लेयरही तसाच : लपवता येतो, फिका करता येतो, वरखाली हलवता येतो. अर्थात बोलताना सगळे लेयरच म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही. खालच्या लेयरवर कच्चा खाका, तो फिका करायचा, वरच्यावर पक्की रेषा. याला काही जण ‘गिरवणे’ म्हणतात, ते मला पटत नाही. गिरवताना ठरलेलंच वळण पुन्हा काढायचं असतं. इथे खाक्यातल्या चार-पाच रेघांतून एक निवडावी लागते, आणि खरं चित्र त्या निवडीत घडतं.

प्रश्नकर्ता : आणि अनडू? ‘खोडणे’ चालेल?

दुसरं उत्तर : नाही. कागदावर खोडलं तरी पुसट खूण उरते, पुढची रेघ कुठे हवी ते तीच सांगते. अनडूनंतर काहीच उरत नाही. मराठी मेनूत ‘पूर्ववत करा’ असतं, ते अर्थाने नेमकं आहे. चुकलेली रेघ मात्र लगेच पूर्ववत करू नका. तिच्याशेजारी दुसरी ओढा, मग पहिली रबराने पुसा.

प्रश्नकर्ता : मग ‘रेखाटन, टॅबलेटवर’ असंच लिहितो. ‘तैलरंग, कॅनव्हासवर’ लिहितात तसं.