मदत हवी आहे: चक्क्याचा जर्मन चीजकेक पाणी सोडतोय

मंडळी, चक्का घालून बेक्ड चीजकेक कुणी केलाय का? न्यूयॉर्क पद्धतीच्या चीजकेकला भरपूर क्रीम चीज लागतं, ते सोलापुरात मिळतं पण दर वेळी परवडत नाही, म्हणून केझेकुखेन, म्हणजे जर्मन चीजकेक, करायला घेतला. त्यात क्वार्क नावाचं मऊ ताजं चीज असतं, म्हणजे जवळपास आपला चक्काच.

दोनदा केला. डेअरीतला म्हशीच्या दुधाचा चक्का अर्धा किलो, ३ अंडी, १५० ग्रॅम साखर, २ चमचे कॉर्नफ्लॉवर, लिंबाची साल किसून. ७ इंची टिन, ओटीजीत (घरगुती छोट्या ओव्हनमध्ये) १८० डिग्रीला ५० मिनिटं. पहिल्यांदा मधोमध बोट जाईल एवढी भेग पडली आणि खालच्या बिस्किटाचा पार लगदा. दुसऱ्यांदा चक्का फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवला, वाटीभर पाणी निघालं, तापमान १६० केलं, ओटीजीतच गार होऊ दिला. भेग गेली, पण कापताना सुरी ओली होतेच आणि चवीला आंबट लागतो.

बास्क चीजकेक करून बघ म्हणू नका प्लीज, स्पेनमधल्या सॅन सेबास्टियनचा तो वरून जळका प्रकार मला फार आवडतो पण त्याला कडक आच लागते आणि माझा ओटीजी २०० च्या वर नीट तापत नाही. जपानी मऊ लुसलुशीतही नको, दाटच हवाय. अंडी चालतात, जिलेटिन नको, सासूबाई खात नाहीत.

जर्मनीत काहीजण त्यात रवा घालतात. तर अर्धा किलो चक्क्याला बारीक रवा किती घालू, आणि हे पाणी चक्क्याचंच आहे की जास्त भाजल्यामुळे सुटतंय?